तोरणाखालून जलरेखा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळदी-लोण्यानं शेकायचे आणि कानात म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' सूर्यभाननं सगळं रीतसर केलं. फक्त समोर बैल नव्हता. काळा पाइप होता.

पाइप पाण्याच्या जुन्या लायनीचा. त्याला डांबर फासून पाणबुडी केलेली, वर दुर्बीण म्हणून नळाचा कोपर, खाली भाजीची हातगाडी. अंगावर पांढऱ्या रंगात नाव : जलरेखा.

सूर्यभान अकोल्याजवळच्या या गावातल्या माळ्याचा पोरगा. अर्धं आयुष्य नौदलात, खऱ्या जलरेखेच्या पोटात काढून पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात येऊन बसलेला. उद्या, ऐन पोळ्याला, सूर्य बुडता बुडता विशाखापट्टणमला जलरेखेचा झेंडा कायमचा उतरणार होता. त्याला जायचं होतं. बोट समुद्राच्या पोटातून वर यायची, त्याचं तिकीट मात्र वेटिंगमधून वर आलं नाही.

"म्हातारा बैलही एकदा तोरनाखालून जाते," तो बायकोला म्हणाला. "माही बोट तशीच भंगारात जाईन?"

पंचफुला घरात गेली. बाशिंग घेऊन आली, पाइपाभोवती एक चक्कर मारली. "शिंगं कुठं हायत इले?"

"दुर्बिनीले बांध."

बांधलं. दुर्बीण नवरी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. खाली बैलांच्या जोड्या, झुली, बेगड, घुंगरं. रांगेच्या टोकाला हातगाडी.

"काय गा सूर्यभान," गजेंद्रनं आपल्या खिलाऱ्यांचा कासरा आवरत विचारलं, "बोअरमधून काढली का ईहिरीतून?"

"पानबुडी हाय ते. माह्या नोकरीतली."

"मारते का?"

माणसं हसली. शेषरावदादांनी काठी आपटली. तोरण त्यांच्या घराण्याच्या मानाचं, शब्द त्यांचा शेवटचा. "हे पाहा सूर्यभान, झडती म्हटल्याबिगर तोरनाखालून कोनी जात नाही. बैलानं काय केलं ते आमचं वावर सांगते. तुह्या बोटीनं काय केलं ते तू गावाले सांग. सांगता आलं तं जाय. नाही तं गाडी घराकडं फिरव."

झडती म्हणजे पोळ्यात जनावराच्या गुणांचं यमकात केलेलं गाणं. सूर्यभान ताठ उभा राहिला. छातीवर पदकं, पायात चप्पल.

"जलरेखा माही दर्याची रानी, तिच्या पोटात आमी, पोटाबाहीर पानी! एकदा गेली ते..." तो थांबला.

"कुठं?" शेषरावदादा.

"ते सांगता येत नाही."

"बरं, गेली काहून?"

"तेही नाही सांगता येत. शपथ हाय."

"कोनी पाहिली का तिले?"

"पाहिली असती तं आमची नोकरी फुकट गेली असती, दादा!"

"वा!" गजेंद्रनं टाळी दिली. "दिसली नाही, बोलली नाही, कुठं गेली मालूम नाही. असा बैल माह्याकडंही व्हता, पाटलाच्या जवारीत सापडला!"

"दोघांत एक पलंग व्हता," सूर्यभान कळवळून म्हणाला. "एक उठला की दुसरा निजे. ऊन नाही. आंघोळ नाही."

"पान्यात राहून आंघोळ नाही?" आता तर बैलांनीही माना हलवल्या.

शेषरावदादांची काठी घराच्या दिशेला वळली. पश्चिमेला सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकत होता. तिकडे झेंडा निघाला असेल खाली. सूर्यभाननं हातगाडीचा दांडा धरला, पण त्याला ती वळवता येईना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जात्यावरच्या ओवीसारखा आवाज आला :

"ईहीर आटली, तूर वाळली, बोट व्हती पान्यात,
सासू गेली, तेरवी झाली, बोट व्हती पान्यात.
लेक झाली, चालू लागली, बोट व्हती पान्यात,
बाप आला, पोरगी म्हने, कोन बुढा हा दारात?"

पंचफुला पदर खोचून पुढं आली.

"गाव निजलं बिनघोर, जागलं कोन पान्यात?
पुसू नका, सांगू नये, गुपित राहो गान्यात.
माह्या घरचा धनी नेला, आता माघारी येऊ द्या,
बोट माही दमली, दादा, तोरनाखालून जाऊ द्या!"

कुणी हसलं नाही. एका बैलाचं घुंगरू तेवढं वाजलं.

"बाईमानूस झडती म्हनत नाही," शेषरावदादा खाकरले.

"मंग गड्याले सांगता येत व्हती का?"

दादांनी गजेंद्रकडं पाहिलं. गजेंद्रनं खिलाऱ्यांना मागं ओढून वाट केली. "जाऊ द्या न दादा. माह्या बैलाईले तिचा डांबराचा वास नाही सहन होत," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला उगाच झूल धरली.

"हर बोला हर हर महादेव!"

पोळा फुटला, रांग तोरणाखालून निघाली. सगळ्यांच्या पुढं जलरेखा, बाशिंग डोलवत. तोरणाखाली सूर्यभाननं कडक सलामी ठोकली. एक हात सुटताच गाडी उतारावरून पळाली, आणि नौदलाचा माणूस चप्पल हातात घेऊन बोटीमागं धावला.

दारात पंचफुला तांब्या घेऊन उभी. बैलांचे पाय धुवायचे असतात. तिनं चाकांकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला. "जलमभर पान्यात व्हती बापा. राहू दे आता कोरडी."

पुरणपोळीचा घास बोटीच्या तोंडाशी ठेवून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आता तं ते रिटायर झाली. आता तरी सांगा, कुठं जात व्हते?"

सूर्यभाननं इकडं तिकडं पाहिलं. तिच्या कानाशी वाकला.

"तिथलं पानी," तो कुजबुजला, "लय खारं व्हतं."

"इतकंच?"

"इतकंच सांगता येते."

पंचफुलानं त्याच्या पोळीवर तुपाची धार धरली. "खा मंग," ती म्हणाली. "हे गोड हाय."