मला माफी मिळाली, सिग्नेला नाही

मी एक जुना टर्की आहे. कोंबड्याचा थोरला, लठ्ठ भाऊ समजा. पिसं पांढरी, डोकं तांबडं-निळं आणि चोचीवर लोंबणारा मांसल तुरा. तो पाहून मुलं हसतात. हसू देत. मित्रांनो, मला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः माफी दिली आहे, आणि त्या माफीची मला आजही चीड येते.

माझा जन्म मिनेसोटातल्या ऑर्विल टॉलेफसनच्या फार्मवर झाला. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाला, देशभर घरोघरी आमची जात ताटात पडते. सणाआधी मात्र दोन पक्षी राष्ट्राध्यक्षांपुढे नेतात आणि साहेब सर्वांसमक्ष त्यांना जीवदान देतात. ते पक्षी पुरवण्याचा मान त्या वर्षी ऑर्विलला मिळाला आणि त्याने मला, जोडीला आणखी एकाला निवडलं. मी देखणा होतो, उगाच नम्रता कशाला?

गर्दीत आम्ही बिथरू नये म्हणून ऑर्विल शेडमध्ये दिवसभर मोठ्याने रेडिओ लावून ठेवी. गाणी, हवामान, बातम्या. तिथेच मी सिग्नेची हकीकत ऐकली. सिग्ने म्हणजे ऑर्विल आणि मार्लिसची एकुलती लेक. ती हेरखात्यात नोकरीला होती. आपलं खातं कोर्टाला न विचारता देशातल्याच साध्यासुध्या लोकांचे फोन ऐकतं आणि वरचा अधिकारी संसदेपुढे शपथेवर ते नाकारतो, हे तिने पाहिलं. आधी तिने वरिष्ठांना सांगितलं. गप्प बस, म्हणाले. मग तिने वर्तमानपत्राला सांगितलं. खटल्यात 'मी हे का केलं' एवढं सांगायचीही तिला मुभा मिळाली नाही. गुपित फोडलं ना, मग जा तुरुंगात! शपथेवर खोटं बोलणारा सन्मानाने निवृत्त झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिक्षेची बातमी लागली तेव्हा ऑर्विल आमचं पाणी भरत होता. भांडं भरून वाहू लागलं तरी त्याने नळ बंद केला नाही.

सिग्नेच्या माफीचा अर्ज राजधानीत पडून होता. आणि आता ज्याच्या एका सहीने तिची सुटका झाली असती, त्याच्याच शेजारी ऑर्विल उभा राहणार होता.

वॉशिंग्टनला आम्हाला हॉटेलच्या खोलीत उतरवलं. गालिच्यावर लाकडाचा भुसा पसरला होता. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातली एक बाई सूचना द्यायला आली.

"मिस्टर टॉलेफसन, पक्ष्याबद्दल काय हवं ते बोला. मुलीचा विषय तेवढा काढू नका, प्लीज."

"नाही, नाही. तुम्ही कॉफी घेणार ना?" ऑर्विल म्हणाला.

ती गेल्यावर मार्लिस उखडली. "पोरगी तुरुंगात आहे आणि तू हिला कॉफी विचारतोस?"

"अगं, तिचा काय दोष? बिचारी नोकरी करते."

"उद्या एकदाच संधी आहे, ऑर्विल. सरळ माग. आपल्याकडची रीत तिथे नको."

त्यांच्याकडची रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला 'बरं, थोडंसं' म्हणत हात पुढे करायचा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा तिथे हावरट ठरतो.

"सगळं पाठ केलंय गं," ऑर्विल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बागेत कॅमेरेच कॅमेरे होते. मला टेबलावर उभं केलं. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोर लिहिलेला विनोद वाचला. "या पक्ष्याची आम्ही कसून चौकशी केलीये. याने आजवर एकही सरकारी गुपित फोडलेलं नाही!"

लोक खो खो हसले. ऑर्विलने माझ्या पंखावरचा हात काढून घेतला. तो विनोद लिहिणाऱ्याला शेजारी उभा असलेला बाप दिसला नसेल? की दिसला म्हणूनच लिहिला? मग साहेबांनी मला 'पूर्ण आणि बिनशर्त' माफी जाहीर केली. कशाबद्दल? मी जन्मभर दाणे खाल्ले होते, एवढंच!

टाळ्या थांबल्यावर साहेबांनी ऑर्विलशी हात मिळवला. "झकास पक्षी आहे तुमचा. तुमच्यासाठी मला काही करता येईल का?"

मित्रांनो, हाच तो क्षण होता. आणि ऑर्विलच्या तोंडून निघून गेलं, "छे छे, कशाला त्रास? आमचं ठीक चाललंय."

जन्माची सवय बोलली. तो दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत थांबला. लेकीचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं मी जवळून पाहिलं. पण साहेब म्हणाले, "वा, छान!" आणि समोर जमलेल्या मुलांकडे वळले.

"साहेब, माझी मुलगी..." ऑर्विल ओरडला. तोवर बँड सुरू झाला होता.

परतताना गाडीत तो एवढंच बोलला, "त्यांनी परत विचारलंच नाही गं."

"ते कशाला विचारतील?" मार्लिस म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

लोक ऑर्विलला बावळट म्हणतात. म्हणोत. साहेबांना काही ठाऊक नव्हतं, असं मात्र मला सांगू नका. सूचना द्यायला ती बाई काय आपल्या मनाने आली होती? दया म्हणजे काय पंगतीतलं पक्वान्न आहे, की आग्रह झाला तरच पानात पडावं? पुढे पद सोडताना साहेबांनी मित्रांना माफी दिली, कर बुडवणाऱ्यांना दिली. सिग्नेला आणि तिच्यासारखंच खरं बोलून तुरुंगात गेलेल्यांना नाही.

माझी रवानगी एका कृषी महाविद्यालयाच्या फार्मवर झाली. पहिल्या वर्षी माझ्यासोबत फोटो काढायला रांग लागे. आता पेंढासुद्धा वेळेवर बदलत नाहीत. माझ्या जातीचे इतकी वर्षं जगतही नाहीत. गुडघे गेले, पण सिग्नेला पाहायला मी उरलो.

शिक्षा पुरी भोगून ती गेल्या महिन्यात आईवडिलांबरोबर मला भेटायला आली. केस पिकले आहेत. नावावर गुन्हेगाराचा शिक्का आहे, म्हणून कुणी नोकरी देत नाही. माफी मिळाली तर तो आजही पुसला जाईल. तिथे शाळेची सहल आली होती. एका चिमुरडीने माझ्या कुंपणावरची 'राष्ट्राध्यक्षांनी माफी दिलेला टर्की' ही पाटी वाचून तिलाच विचारलं, "याने काय गुन्हा केला होता?"

"काहीच नाही," सिग्ने म्हणाली.

"मग माफी कशाची?"

ऑर्विल पुटपुटला, "माझं चुकलं, पोरी."

"नाही, बाबा. मी खरं बोलले, त्यासाठी तुम्हाला हात पसरावा लागला, तेच चुकलं."

मित्रांनो, पुढच्या सणाला टीव्हीवर टेबलावर उभा असलेला पक्षी दिसेल. खुशाल हसा. पण हसून झालं की घरातल्या मोठ्यांना विचारा, आज माणसांपैकी कुणाला माफी मिळाली? खरं बोलणारी सिग्ने अजून का ताटकळतेय? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. एकदाच विचारून पाठ फिरवणारा एक मोठा माणूस मी पाहिला आहे.