माझी अकरा मिनिटे

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना टायमर आहे. पिळून सोडला की टिकटिकतो, वेळ संपली की घणघणतो. आज मला शरमेने तोंड लपवायचे आहे. पण मला तोंडाशिवाय दुसरे काही अंगच नाही!

नवा होतो तेव्हा मी वेळेचा अगदी पक्का होतो. काचपट्ट्या रंगात किती वेळ बुडवायच्या, ते मीच सांगायचो. पीएच.डी. करणारी ताई कौतुकाने म्हणायची, "फोन हातात घेतला की अर्धा तास जातो. हा बरा, कामापुरतं बोलतो."

तिच्या शिष्यवृत्तीचे चारच महिने उरले होते आणि पुढच्या नोकरीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात कंपन्यांना सल्ला देणाऱ्या एका फर्मने पीएच.डी.वाल्यांसाठी स्पर्धा ठेवली. एका धंद्याची अडचण सोडवायची आणि उत्तर दहा मिनिटांत मांडायचे. जिंकेल त्याला थेट मुलाखत! ताईने शेजारच्या बाकावरच्या लंबूला जोडीला घेतले. अडचण बेकरीची होती. पाव शिळा होऊन परत यायचा.

सरावाच्या पहिल्याच दिवशी लंबूचे कोपर लागून मी खाली आपटलो. त्याने मला कानाशी धरले, "चालतोय की!" म्हणाला आणि गुपचूप जागेवर ठेवले. मी चालत होतो, पण रेंगाळत. माझ्या दहा मिनिटांना आता खरी अकरा लागत. तिचे बोलणे संपताच मी घणघणलो की ताई खूश व्हायची, "बरोब्बर दहा!"

स्पर्धेच्या दिवशी मी तिच्या पिशवीत होतो. प्रबंधाच्या सवयीने तिने आधी पद्धत सांगितली, मग आकडे, मग आकड्यांच्या मर्यादा. उत्तर अगदी शेवटी ठेवले होते. त्याआधीच परीक्षकांची घंटा वाजली.

"मग बेकरीवाल्याने करायचं काय?" परीक्षक बाईंनी विचारले.

"ते... शेवटच्या स्लाइडवर आहे."

सगळे सभागृह हसले.

परतल्यावर लंबू म्हणाला, "तूच पाल्हाळ लावलंस."

"हो रे, चुकलंच माझं," ताई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चूक माझी होती आणि मला घणघणण्यापलीकडे काही बोलता येत नव्हते.

उद्या तिची दुसरी स्पर्धा आहे, बहुधा शेवटची. आत्ताच तिने मला प्रेमाने पुसले, पिळून टेबलावर ठेवले आणि ती सरावाला उभी राहिली. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण पडलेली वस्तू एकदा तपासूनही घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी दाराशी असाल, तर आत डोकावून तिला एवढेच सांगा, "ताई, तुझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे."