सहा वाट्या

कस्तुरीचं वजन दवाखान्याच्या काट्यावर मावलं नाही. तो काटा एकशेवीसला थांबायचा. म्हणून तिचा नवरा शांतिनाथ तिला आपल्या हळदीच्या वखारीत घेऊन गेला आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. हमालांनी माना फिरवल्या. एकशे एकेचाळीस किलो भरलं. तो आकडा शांतिनाथनं डॉक्टरांना कळवला आणि पंधरा दिवसांनी, सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरात, सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

डॉक्टर नुकतेच अमेरिकेतून शिकून आले होते. तिकडं अशी ऑपरेशनं होतात, म्हणाले. जठराचा वरचा लिंबाएवढा भाग तेवढा चालू ठेवायचा, बाकीचा शिवून बंद करायचा. माणूस मग खाऊच शकत नाही, आपोआप उतरतो. कस्तुरी तेव्हा अडतीस वर्षांची होती. गुडघे गेले होते, रात्री आडवं पडलं की दम कोंडायचा, म्हणून ती वर्षभर भिंतीला टेकून झोपत होती. शांतिनाथनं विचारलं, "करायचं न्हवं?" ती म्हणाली, "बरं." तिचं बोलणं एवढंच झालं.

ऑपरेशननंतर पहिले चार दिवस चमच्यानं पाणी. मग मुगाचं गाळलेलं पाणी. सोळाव्या दिवशी टाके काढून झाल्यावर डॉक्टरांनी टाईप केलेला कागद हातात दिला. दिवसातून सहा वेळा खायचं, एका वेळी लहान वाटीभरच. प्रत्येक घास लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. साखर, गूळ, तळलेलं बंद. रोज गोळ्या, आठवड्याला एक इंजेक्शन. कागदात अंडं होतं, उकडलेला बटाटा होता. कस्तुरीनं त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"आम्ही जैन आहोत," शांतिनाथ म्हणाला. "कंदमूळसुद्धा चालत न्हाई. आणि दिवस मावळल्यावर ही काही खात न्हाई."

डॉक्टरांनी पेन काढून दोन्ही ओळी खोडल्या. अंड्याच्या जागी नासवलेल्या दुधाचा चोथा लिहिला, बटाट्याच्या जागी भोपळा. "सहाही वेळा सूर्यास्ताच्या आत बसवा. पण सहा म्हणजे सहा. आणि तीन महिने चुलीपुढं उभं राहायचं नाही. वास आला की हात जातो."

शेवटची अट अवघड होती. शांतिनाथच्या घरात चौदा माणसं होती आणि स्वयंपाकघर कस्तुरीचं होतं. नुसतं घरचंच नाही. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा असली, कुणाकडं लग्न असलं, की पुरणाचा घाट कस्तुरीवर सोपवून बायका निर्धास्त व्हायच्या. त्या घरात राहून तिला चुलीपासून लांब ठेवणं कुणालाच जमलं नसतं. म्हणून तिला साताऱ्याला, थोरल्या भावाकडं धाडायचं ठरलं.

आदगोंडा पाटबंधारे खात्यात कारकून होता. बायको सुला वारून चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटा राहायचा, हातानं शिजवून खायचा. तो मुळातच कमी बोलणारा. बहिणीला उतरवून घ्यायला तो स्टँडवर आला, तिची वळकटी उचलली आणि पहिल्यांदा विचारलं ते, "कागद कुठाय?"

कागद त्यानं पिठाच्या डब्याच्या वर खिळ्याला टांगला. एक गजराचं घड्याळ विकत आणलं. पहाटे उठून तो मूग शिजवायचा, घोटायचा, दूध नासवायचा, नाचणीचं सत्त्व करून ठेवायचा. मग ओट्यावर सहा वाट्या मांडायचा. प्रत्येक वाटीवर झाकण आणि झाकणाखाली चिठ्ठी. सात. नऊ. अकरा. दीड. साडेतीन. सव्वापाच. सात आणि नऊची वाटी ती त्याच्यासमोर खायची, तोही तिच्याबरोबर काहीतरी वाटीतून खायचा आणि डबा घेऊन कचेरीत जायचा. मधल्या तीन वाट्या गजर वाजला की ती एकटी संपवायची. संध्याकाळी तो साहेबांना सांगून थोडा लवकर निघायचा आणि सव्वापाचला दारात असायचा.

"तुझं जेवण?" पहिल्या आठवड्यात तिनं एकदा संध्याकाळी विचारलं होतं.

"माझं दुपारी हापिसात होतंय पोटभर. ह्या वेळेला मला लागत न्हाई."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

कस्तुरीला भूक नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला जीव खाण्यावर जाईल, चिडचिड होईल, स्वप्नात जेवण दिसेल. तिला तसलं काही झालं नाही. गजर वाजायचा, ती उठायची, झाकण काढायची. घास तोंडात घोळवताना मनात मोजायची. तीसपर्यंत पोचलं की गिळायचं. मूग होते की भोपळा होता, हे कळायचं, पण ते कळून काही व्हायचं नाही. दोन वाट्यांच्या मध्ये ती खिडकीपाशी पाटावर बसून राहायची. खाली रस्त्यावर माणसं जायची. ती दिसायची, इतकंच.

शेजारच्या खोलीत शालूबाई राहायच्या. त्यांचा नवरा लालासाहेब आदगोंडाच्याच कचेरीत शिपाई होता. शालूबाई कोरेगावकडच्या, बोलायला मोकळ्या. येता-जाता डोकावायच्या.

"ताई, लय उतारलासा की! आवं, परवा मला वळखूच आला न्हाईसा."

"हो का?"

"मग! पोलकं बघा कसं लोंबतंय. खुशीत ऱ्हावा आता. मानूस एवढं बारीक व्हायला काय काय करतंय."

कस्तुरी पोलक्याची बाही चिमटीत धरून बघायची. कापड हातात यायचं. हे आपलं चाललं आहे असं तिला वाटायचं नाही. कुणा दुसऱ्या बाईची बातमी ऐकावी तसं ती ऐकायची. घरून शांतिनाथचं पत्र यायचं: सगळे खुशाल, धाकटी जाऊ रांधते, तुझी आठवण काढतात. पत्र वाचून ती घडी घालायची आणि दीडच्या वाटीकडं वळायची.

असे नोव्हेंबर-डिसेंबर गेले. संक्रांतीला शालूबाईंनी तिळगूळ आणला. कस्तुरीनं तो हातात घेतला, त्यांना नमस्कार केला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी, दीडची वाटी संपायच्या आत, खाली दाराशी टांगा थांबला. लालासाहेबानं आदगोंडाला धरून आत आणलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, शर्ट घामानं भिजला होता.

"टेबलापाशीच पडलं बघा," लालासाहेब म्हणाला. "फाईल काढाय उठलं आन खालीच गेलं. डाक्टरकडं नेऊन आनलंय. डाक्टर म्हनला, ह्या मानसाच्या पोटात अन्न न्हाई. काय उपासबिपास हाय का?"

"नाही," कस्तुरी म्हणाली. "दुपारी डबा खातात की."

लालासाहेबानं हातातला डबा खाली ठेवला. "आवं ताई, कसला डबा? वाटीभर मुगाचा गाळ असतोय. दोन म्हैनं मी बघतोय. मला वाटलं, तुमच्या धर्माचं काय तरी असंल. म्हनून बोललो न्हाई."

कस्तुरीनं डबा उघडला. तळाला मूग होते, मिठाशिवाय घोटलेले. तिचेच.

शालूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मी म्हनलंच हुतं ह्यास्नी," त्या हळूच म्हणाल्या. "ताईंचं ठीक हाय, पर भाऊ का वाळाय लागलाय?"

कस्तुरीनं भावाकडं पाहिलं. गळपट्टीतून गळ्याची हाडं वर आली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकलं होतं. अडीच महिने हा माणूस दिवसातून तीनदा तिच्यासमोर बसत होता. तिनं त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

सगळे गेल्यावर ती त्याच्या अंथरुणाशी बसली.

"अण्णा, हे काय केलंस?"

तो छताकडं बघत होता. "जात न्हाई गं मला."

"का जात नाही?"

त्यानं सांगितलं तेही छताकडं बघूनच. "सुलाला शेवटी घशाखाली काय उतरत नव्हतं. चार महिने. पाणीसुद्धा चमच्यानं. आणि मी तिच्यासमोर ताट घेऊन बसायचो. ती म्हणायची, तुमी जेवा, मला बघून बरं वाटतंय. मी जेवायचो. तिच्या देखत भाकरी, आमटी, सगळं. कधी ताक मागायचो वर." त्यानं पांघरूण वर ओढलं. "तू आलीस आणि पहिल्या दिवशी वाटी घेऊन बसलीस. तुझ्या हातात चमचा बघितला आणि मला घास घेववेना. म्हटलं, तुझं होईपर्यंत तुझंच खावं."

"मी मरत नाहीय, अण्णा."

"ठाऊक हाय की."

कस्तुरीला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. वहिनीच्या आजारपणात ती इथं आठ दिवस येऊन राहिली होती, सगळ्यांना रांधून घातलं होतं, आणि ताटावर बसलेल्या भावाचं तोंड तिला आठवत होतं. रडू आलं नाही. छातीत जिथं काहीतरी हलायला हवं होतं, तिथं काही हललं नाही. ती उठली.

तीन महिन्यांना अजून बारा दिवस बाकी होते. तिनं स्टोव्ह पेटवला. शालूबाईंकडून मेथीची जुडी मागून आणली. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, मळायला बसली. हात जुने होते, त्यांना विचारावं लागलं नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा पिठाचा वास खोलीभर झाला. तिनं तो घेतला. डॉक्टर म्हणाले होते तसा हात कुठं गेला नाही.

साडेतीनचा गजर वाजला. तिनं आपली वाटी घेतली, भावाचं ताट वाढलं आणि दोन्ही समोरासमोर ठेवलं.

"तू तिकडं खिडकीपाशी बस," आदगोंडा म्हणाला.

"मी इथंच बसणार. जेव."

"कस्तुरे, जाणार न्हाई."

"एक घास घे. तीसदा चाव. मी मोजते."

त्यानं तुकडा मोडला. ती मोजू लागली, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं. सतराला तो ओकारी आल्यासारखा थांबला. त्यानं पुन्हा चावायला सुरुवात केली तेव्हा तिनं अठरा म्हटलं. त्या दुपारी चतकोर भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी. दुपारच्या डब्यात तिनं भाकरी-भाजी बांधली आणि लालासाहेबाला सांगितलं, "संपवतात का बघा." लालासाहेब म्हणाला, "समोर बसून संपवाय लावतो, ताई."

फेब्रुवारीत शांतिनाथ तिला न्यायला आला. दारात उभा राहून तो बघतच राहिला. मग हसला. "घरात कुणी वळखणार न्हाई तुला. आई म्हणालीय, आल्यावर पुरण तूच घालायचं."

"तपासणीला येते," कस्तुरी म्हणाली. "दोन दिवस राहते. मग परत इथं."

"परत? तीन महिने झाले की."

"अण्णा अजून नीट जेवत नाही."

"आणि आमचं?"

"तुम्हाला वाढायला कुणीतरी आहे."

ती असं कधी बोलली नव्हती. आवाजात राग नव्हता. शांतिनाथ वळकटी बांधायला लागला.

सांगलीत डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. एकशेसात. त्यांनी नर्सला बोलावून दाखवलं, खूश झाले, मऊ भात आणि कुस्करलेली भाकरी सुरू करायला सांगितली. घरी जावा भोवती जमल्या, तिच्या कमरेला हात लावून बघितला. सासूनं डोळ्यांना पदर लावला. कस्तुरी सगळ्यांकडं बघून हसली. सगळ्यांचं खरं होतं. तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ती एकटी साताऱ्याला निघाली. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा तिनं पिशवीतली वाटी काढून वेळेवर खाल्ली. साताऱ्याच्या स्टँडवर आदगोंडा उभा होता.

"जेवलास?" तिनं उतरताच विचारलं.

"दोन भाकरी."

"खोटं."

"दीड."

"भाजी?"

"भाजी संपवली."

ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, उन्हात डोळे बारीक करून, सावकाश. गालावर जरा मांस आलं होतं. दाढी नीट केली नव्हती, हनुवटीखाली पांढरे केस राहिले होते. मग दोघं पेठेच्या रस्त्याला लागली. चढावर तिला एकदाच थांबावं लागलं.