परक्याच्या खिशात गेलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं एटीएम कार्ड आहे. निळं, कडा झिजलेलं, आणि आता कोणत्याच मशीनमध्ये न चालणारं. माझ्या अंगावर इंग्रजी अक्षरांत एक नाव आहे: आशाबाई धुळाजी शिंगाडे. त्या नावाने माझं सारं आयुष्य घडवलं.

एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर सोनेरी चौकोनी चिप बसली, नाव उठलं आणि मी पाकिटात बंद झालो. ही आशाबाई कोण असेल, दिसत कशी असेल, याची मला फार उत्सुकता होती. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याजवळच्या एका गावात ते पाकीट फुटलं, तेव्हा समोर हिरव्या लुगड्यातली, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची बाई होती. तिचा नवरा धुळाजी मेंढरं राखायचा. कोकरं विकून आलेला पैसा ती बँकेत साठवत होती, कारण लेक वंदनाला नर्सिंगला पाठवायचं होतं.

आशाबाई मला पदराने पुसायची आणि सुपारीच्या बटव्यात ठेवायची. "माझी बँक बटव्यात हाय," असं शेजारणींना सांगायची. मला मोठा मान वाटे. फक्त एक गोष्ट मला बोचायची. तिला मशीनवरचं वाचता येत नसे. मग रांगेत जो कोणी असेल त्याला ती माझा गुप्त नंबर खुशाल मोठ्याने सांगायची.

बाजाराच्या दिवशी मंठ्यात असंच झालं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस मागे उभा होता.

"मावशी, मशीन अडकून राह्यलं. द्या, मी काढून देतो," तो गोड आवाजात म्हणाला.

आशाबाईने मला त्याच्या हातात दिलं आणि नंबरही सांगितला. पैसे बरोबर आले. त्याने ते तिच्या हातात ठेवले, वर एक निळं कार्डही ठेवलं. पण मित्रांनो, ते कार्ड मी नव्हतो! मी त्याच्या बाहीत सरकलो होतो. "भलं होवो लेकरा तुझं," असं म्हणून ती निघाली. मला ओरडता आलं असतं तर!

त्याच्या खिशात काळोख होता आणि तिथे माझ्यासारखीच आणखी कार्डं होती. ही कोणाची? यांचे मालक कुठे आहेत? मी विचार करत होतो, तोवर त्याने मला दुसऱ्या मशीनमध्ये घातलं आणि पैसे काढले. थोड्या वेळाने पुन्हा काढले. तिसऱ्या वेळी मात्र मशीनने मला बाहेर ढकललं. मी बंद झालो होतो! आयुष्यात पहिल्यांदाच नाकारलं गेल्याचा मला आनंद झाला.

घरी काय घडलं होतं, ते मला पुढे आशाबाईच्याच तोंडून कळलं. धुळाजीच्या फोनवर बँकेचे दोन मेसेज आले. वंदनाने ते वाचले.

"माय, तू परत पैसे काढलेस का?"

"न्हाई गं. कार्ड तर माझ्यापाशीच हाय."

वंदनाने कार्ड हातात घेऊन पाहिलं. त्यावर कारभारी असं भलत्याच माणसाचं नाव होतं. तिने लगेच पासबुकावरच्या नंबरवर फोन करून मला बंद करवलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार दिली. गेलेले पैसे गेले, पण बरेचसे वाचले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बँकेत गेल्या. तिथल्या अधिकारी प्रियदर्शनी मॅडम समजावू लागल्या, तर आशाबाईने त्यांना मधेच थांबवलं.

"माझं व्हायचं ते झालं, मॅडम. पण हा कारभारी कोण हाय? त्याला बी असंच फसवलं असंल. त्याला आधी सांगा की!"

मॅडमनी त्या कार्डाचा नंबर संगणकात घातला. मग त्यांनी कारभारीला शोधून काढलं. तो भोकरदनचा होता. त्याच्या खिशात तिसऱ्याच माणसाचं कार्ड होतं आणि त्याला पत्ताच नव्हता! चोराची रीत आता उघडी पडली. आधीच्या माणसाचं, काम झालेलं कार्ड तो पुढच्याच्या हातात देत असे. मॅडमनी मोठ्या मराठी अक्षरांत सूचना लिहून जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांना पाठवली: 'कार्ड परत घेताना त्यावरचं नाव वाचा.'

म्हणजे आता कोणाला तरी फसवायची पाळी माझी होती.

अंकुशनगरच्या एटीएमपाशी साखर कारखान्याच्या कामगारांची गर्दी होती. आत दाराशेजारच्या भिंतीवर तीच सूचना चिकटवलेली होती. चोर तिला पाठ टेकून उभा होता. शिवकन्या नावाची तरुण बाई आत आली. पुन्हा तोच गोड आवाज, तीच चलाखी. शेवटी मी तिच्या हातात पडलो.

वाच, बाई, एकदा तरी माझ्याकडे बघ, असं मी मनात म्हणत होतो. ती दारापर्यंत गेली. सूचना दिसताच थांबली. तिने मला उजेडात धरलं.

"ओ भाऊ! ही आशाबाई कोण?"

"मशीननं गडबड केली असंल, ताई. मला जल्दी हाय."

"मंग माझं कार्ड कुठाय? खिसे दाखवा!"

तो तिला ढकलून पळू लागला, पण तिने त्याचा शर्ट सोडला नाही. पहारेकरी धर्मराज धावत आला आणि त्याने शटर खाली ओढलं. चोराच्या खिशातून कार्डांची चळतच निघाली.

पोलीस ठाण्यात आशाबाई आणि शिवकन्या पहिल्यांदा भेटल्या. आशाबाईने तिचे हात हातात घेतले. पुढचं मला ठाण्यातल्या बोलण्यातून कळलं: वंदना जालन्याला शिकायला गेली. आशाबाईकडे नवं कार्ड आलं. त्याचा नंबर धुळाजीने विचारला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला बी न्हाई सांगणार. बिलकुल न्हाई!" धुळाजी पोट धरून हसला.

मी आता पुरावा म्हणून लाखेचं सील लावलेल्या पाकिटात पडून आहे. सगळ्या कार्डांचे मालक सापडले नाहीत अजून. कोणीतरी आजही दुसऱ्याचंच कार्ड आपलं म्हणून जपत असेल. मित्रांनो, आपला गुप्त नंबर आपल्या ओठांबाहेर जाऊ देऊ नका, आणि आज घरी गेल्यावर आईच्या पर्समधलं, बाबांच्या पाकिटातलं कार्ड मागून घ्या आणि त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचा.