थट्टेचा सोयरा

कबासो गेला तेव्हा आमच्या पंपघरातली साखर कपाटात अडकून पडली. त्या कपाटाला त्याने अंगठ्याचं कुलूप बसवलं होतं. अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागायचा, दार उघडायचं. आम्हां सगळ्यांचे अंगठे त्यात नोंदवलेले होते म्हणे, पण कुणाचा ग्रीसने माखलेला, कुणाचा सोललेला. माझा तर व्हॉल्व्हची चाकं फिरवून इतका गुळगुळीत झालाय की ते यंत्र मला माणसात धरायलाच तयार नव्हतं. मग चहाची वेळ झाली की सगळे ओरडायचे, "कबासो, अंगठा आण!" आणि तो जिथे असेल तिथून हसत यायचा.

"साध्या कपाटाला साधं कुलूप लावायला काय होतं रे माकडा?" मी म्हणायचो.

"साधं कुलूप उंदीर कुरतडतात, उंदीरराव."

यात कुणी कुणाचा पाणउतारा करत नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. तो बेंबा, मी न्गोनी. पणजोबांच्या काळात आमच्या दोन जमाती एकमेकींच्या माना कापत होत्या. पुढे दोघीही दमल्या असाव्यात, कारण तेव्हापासून आमच्यात थट्टेची सोयरीक आहे. आम्ही त्यांना माकडखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हांला उंदीरखाऊ. रागवायचं कुणीच नाही. आणि शेतातले उंदीर आम्ही खातोच, भाजून, मीठ लावून. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

लुआन्श्या शहराला पाणी पुरवणाऱ्या या पंपघरात मी केस पिकवले. कबासो आला तो पाठीवर पिशवी घेऊन, आणि पिशवीतून तारा बाहेर लोंबत होत्या. आल्या आल्या त्याने टेकडीवरच्या टाकीत काहीतरी सोडलं आणि माझ्या फोनवर निरोप यायला लागले: 'टाकी भरली. उंदीररावांनी पंप बंद करावा.' तोवर टाकी बघायला मी ती टेकडी रोज चढत होतो. माझ्या गुडघ्यांनी त्याला दुवा दिला असेल, तोंडाने मी दिला नाही. थट्टेच्या सोयऱ्याचं कौतुक करायचं नसतं.

एकदा गळके पाइप शोधायला त्याने एक उडतं यंत्र जोडलं. ते उडालं, बाजारावर घिरट्या घालत राहिलं आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या पाटीत पडलं. बायकांनी ते जप्त केलं. सोडवून आणायला गेलं कोण? मी. दिवसभर अंगाला मासळीचा वास. आणि हा पठ्ठ्या यंत्राच्या पंख्यातून मासे उपसत, आदराचं 'बा' लावून माझं नाव घेत म्हणतो, "बा जेरे, पण उडालं ना?" नवीन काही हातात आलं की त्याचा चेहरा असा काही उजळायचा की मला रागच यायचा, कारण बघता बघता मलाही हसू फुटायचं.

मग एका सोमवारी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

"फोन म्हणतोय गॅस आहे," तो म्हणाला.

"फोनला पोट असतं का रे?"

सगळे हसले. तोसुद्धा पोट दाबून हसला. आत आतडं फुटलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला आणि आठवडा संपायच्या आत तो गेला. एवढंच झालं.

त्यानंतर आम्ही चहा बिनसाखरेचा प्यायलो. कुलूप फोडायला एक हातोडी पुरली असती आणि पंपघरात हातोड्यांना तोटा नाही. कुणी उचलली नाही. मीही नाही.

मयताच्या घरी मी शोक करायला गेलो नाही, कामाला गेलो. आमच्याकडे हे काम ठरलेलं आहे. घरच्यांनी रडायचं. थट्टेच्या सोयऱ्याने खड्डा खणायचा, हंड्यात मक्याच्या पिठाचा न्शिमा ढवळायचा आणि गेलेल्या माणसाची टर उडवायची. त्याची चाल, त्याचं बोलणं, त्याच्या खोडी, सगळं करून दाखवायचं. सोयऱ्यावर कुणी चिडत नाही. आणि सोयरा रडत नाही. सोयराच रडत बसला तर ते घर सावरायचं कुणी? पंपघरात न्गोनी मी एकटा, तेव्हा हे माझ्याच गळ्यात पडणार होतं.

कबासोचं लग्न झालेलं नव्हतं, तो बहिणीकडे राहायचा. ती म्वाबा मला दारातच भेटली. डोळे सुजलेले, जीभ नेहमीचीच तिखट.

"आलात बा जेरे? वाटेत उंदीर नाही सापडले वाटतं?"

"सापडले. म्हटलं तुमच्याकडे माकड शिजत असेल, उगाच कशाला."

ती हसली नाही. बाही धरून मला बाजूला घेतलं.

"आईकडे बघा जरा. गावाहून आली तशी भिंतीला टेकून बसली आहे. रडत नाही, बोलत नाही. पाणी ओठाला लावते आणि खाली ठेवते. आता उठताना तोल जायला लागलाय. पाद्री समजावून गेले, नर्स समजावून गेली. राहिलात तुम्ही."

"मी काय करणार, बाई?"

"तुमचं काम करा. हसवा तिला. हसली तर रडेल, रडली तर जेवेल. नाहीतर दुसरा खड्डा खणायची तयारी ठेवा. मी थट्टा करत नाहीये."

घरातलं सामान अंगणात काढलेलं होतं. आत चटयांवर बायका दाटीने बसल्या होत्या आणि भिंतीशी बाना कबासो, कबासोची आई. एवढीशी म्हातारी, पाय सरळ पसरलेले, हात मांडीवर. नजर कशावरच नव्हती. दारात उभा राहून मी आवाज चढवला.

"कुठे आहे ते माकड? तिकडे आमचा चहा कडू झालाय आणि हे इथे आडवं पडलंय! मी अंगठा न्यायला आलोय. बाकी सगळं तुम्ही खुशाल पुरा. उजव्या हाताचा अंगठा तेवढा द्या, आमची साखर अडकली आहे!"

घर खदखदलं. कबासोची एक मावशी जमिनीवर हात आपटून हसायला लागली. "मेल्या उंदरा, साखरेसाठी आलास होय!" म्हणत कुणीतरी चप्पल फेकून मारली. मला जोर चढला. फोन उंच धरून रेंज शोधत चालणारा कबासो करून दाखवला, दारावर आपटणारा कबासो करून दाखवला. हात पसरून भिरभिरत उडतं यंत्र झालो आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन पडलो. बायका हसत होत्या आणि हसता हसता रडत होत्या. अगदी जसं व्हायला हवं तसं.

बाना कबासोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा समोर.

मी स्वतः ताट वाढून तिच्यापुढे बसलो. "घ्या, न्गोनी हाताचा न्शिमा आहे. विष घातलंय की नाही ते चाखून सांगा."

तिने ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं. अगदी सभ्यपणे, पाहुण्याला द्यावं तसं. आधी मला तिचा राग आला, मग भीती वाटली. ती मुलाच्या मागे निघाली होती आणि माझ्याजवळचं सगळं करून संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खड्डा खणला. दुपारी पेटी आली, मागे चर्चचा गाणारा जथा, त्यामागे आमच्या खात्याचे साहेब. साहेबांनी कागद वाचला. कबासोचं नाव घ्यायलाही त्यांना कागदात बघावं लागलं. बाना कबासोला दोघींनी दंडाला धरून उभं केलं होतं. तिचे गुडघे मध्येच वाकत होते आणि म्वाबा आईकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

पेटी उतरवायच्या आधी सोयऱ्याचं शेवटचं काम असतं. त्याने खड्ड्यात उडी मारून आडवं व्हायचं आणि उठायला नकार द्यायचा. मग घरच्यांनी कोंबडी, कापड, साबणाची वडी, काहीतरी कबूल करून त्याला बाहेर काढायचं. मी उडी मारली आणि उताणा झोपलो.

"खणला मी, झोपणार मी! तुमचं माकड झाडावर ठेवा!"

वर हशा पिकला. "एक कोंबडी देते, चला या वर!" म्वाबा ओरडली.

"नको कोंबडी!"

"बरं, दोन!"

"नको!"

"मग काय हवंय? उंदीर?"

आता फोन मागायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. 'त्याचा फोन द्या, माझ्या पोटात गॅस आहे का ते विचारतो.' वाक्य जिभेवर तयार होतं. पण पाठीखालची माती गार होती, आणि वर काठावरून सगळी तोंडं खाली वाकलेली होती. पंपघरात मी पाइपाखाली असाच उताणा पडायचो, तेव्हा एकच तोंड वाकायचं, कपाळाला दिवा बांधलेलं. 'काय देऊ, उंदीरराव? पान्हा देऊ?' इतक्या तोंडांत ते नव्हतं.

"कबासो द्या," मी म्हणालो.

"काय म्हणतोय?"

"कबासो द्या मला! दुसरं काही नको. त्याला द्या!"

आणि मला रडू फुटलं. डोळे पाणावले वगैरे नाही, भोकाड पसरलं. आमच्याकडे पुरुष असा रडत नाही; मी रडलो बायका रडतात तसा, छाती पिटत, हेल काढून, नाक गळत. आणि वर जो हशा उसळला तो गाणाऱ्या जथ्यालाही आवरेना.

"अरे, म्वाबाची नक्कल करतोय!"

"शेंबूड बघा, शेंबूड! काय सोंग आणलंय लेकाने!"

सोयरा रडत नाही हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा हे सोंगच असणार. "सोंग नाही हे!" मी खालून ओरडलो, तर साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसायला लागले. मी मातीत तोंड खुपसलं. त्यावरही टाळ्या पडल्या.

तेवढ्यात एक वेगळं हसू कानावर आलं. बारीक, चिरकं, अडखळतं. मी वर पाहिलं. बाना कबासो मातीच्या ढिगावर बसली होती आणि मांडीवर थापा मारत होती.

"बघा गं, बघा! उंदीर रडतोय! माझ्या कबासोसाठी उंदीर रडतोय!"

हसता हसता तिचा आवाज फुटला आणि ती मोठ्याने रडायला लागली. बायकांनी तिला वेढून घेतलं. मला चौघांनी ओढून वर काढलं, पाठीवर थापा दिल्या, "मानलं बा जेरे तुम्हांला," म्हणाले. मग पेटी उतरवली. मी फावडं घेतलं आणि माती लोटली, तेही माझंच काम होतं.

घरी परतल्यावर फाटकाशी हात धुतले आणि मी हंड्यापाशी गेलो. न्शिमा ढवळताना कुणी बोलत नाही, फार ताकद लागते, ते बरं असतं. थोड्या वेळाने म्वाबा आली.

"आई बोलावतेय."

बाना कबासो तिथेच भिंतीशी बसली होती. मांडीवर ताट, ताटात न्शिमाचा गोळा आणि घेवड्याचं कालवण. हात धुतलेले, पण घास मोडलेला नव्हता.

"बस," ती म्हणाली. दोन दिवसांत मी ऐकलेला तिचा पहिला साधा शब्द. "तूच का तो? पंपघरातला?"

"हो, बाना कबासो."

"तुझ्याबद्दल सांगायचा तो फोनवर. म्हणायचा, आई, इथे एक म्हातारा उंदीर आहे, त्याला मी केलेलं काहीच आवडत नाही. म्हणायचा, पण एक दिवस असं काहीतरी बनवीन की तोंडातून 'वा' काढून घेईन."

मी चटईची काडी उपटत बसलो.

"मघाचं ते रडणं," ती म्हणाली, "आमच्या गावात एकाहून एक सोयरे आहेत, पण असं सोंग मी कुणाचं पाहिलं नाही. पुन्हा कर."

"आत्ता?"

"आत्ता. तू कर, मी घास घेते."

दारात म्वाबा उभी होती. कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याचा पदर तिने दोन्ही मुठींत धरला होता. ते सोंग नव्हतं, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण सांगितलं असतं तर म्हातारीने ताट खाली ठेवलं असतं. घरचं दुःख सांभाळायला आलेल्या माणसालाच सांभाळायची वेळ तिच्यावर आली असती.

मी रडलो. छाती पिटली, हेल काढले, त्याचं नाव घेऊन हाका मारल्या. बाना कबासो हसली, गोळ्याचा तुकडा मोडला, कालवणात बुडवून तोंडात घातला.

"थांबू नकोस," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

थांबणं माझ्या हातात नव्हतंच. तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी रडत होतो.