सुनेला न मानणारं दार

तिसऱ्या मजल्यावर चपलांचा असा ढीग पडला होता, की आपली जोडी परत मिळणं हाच मोठा चमत्कार! जिन्यात माणसं, कठड्याला माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एका दारावर. दार जड, आगीचा धूर अडवणारं. सोडलं की आपोआप मिटावं असं. पण चौकटीपाशी येऊन बोटभर फट ठेवून थबकायचं.

"दार म्हणजे घराचा ओठ," सासूबाईंनी दार बघायला बोलावलेले महाराज डोळे मिटून म्हणाले. "ओठ मिटत नाही, म्हणजे आत कुणीतरी कुजबुजतंय. कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून!" शेजारच्या काकूंना राहवलं नाही.

सगळ्यांच्या नजरा नव्या सुनेकडे वळल्या.

"त्याला जायला वाट द्या! स्वयंपाकघराची खिडकी उघडा!" खिडकी उघडली. महाराजांनी हुंकार भरून दार सोडलं. खट्! मिटलं. अख्खा जिना गहिवरला.

"आता खिडकी लावा, नाहीतर परत येईल."

खिडकी लावली, दार सोडलं. पुन्हा बोटभर फट.

"आलं परत," महाराज उसासले. "म्हणजे ते सूनबाईच्या पावलाबरोबर आलंय. हिला माहेरी पाठवा. मी सांगेन तेव्हाच आणा."

सासूबाई भाविक, कीर्तनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या. त्यांचे डोळे भरून आले. नवरा पायाची नखं न्याहाळत पुटपुटला, "थोडेच दिवस गं..."

"तुम्हीसुद्धा?" सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. "महाराज, मी आत्ताच खाली रस्त्यावर जाते. मी घरात नसले की मिटेल ना?"

"मिटलंच पाहिजे!"

"आणि नाही मिटलं तर?"

"आधी जा तर खरी!" महाराज म्हणाले.

सून खाली जाऊन वर मान करून उभी राहिली. संसार राहतो की जातो, ते एका फटीवर आलं होतं. थोड्या वेळाने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि काकूंचं डोकं बाहेर आलं.

"अगं, नाही मिटलं! आम्ही सारखं सोडतोय, पण फट काही—"

मागे खट्!

"अगंबाई, मिटलं की!"

सून भर रस्त्यात हसत सुटली. "काकू, खिडकी लावा बघू. आणि पुन्हा सोडायला सांगा."

खिडकी लागली. जरा वेळाने उघडली. "नाही मिटलं!" मागे खट्! "मिटलं!" काकूंना आता खेळ आवडू लागला होता.

"काकू, भूत तुमच्याच हातात आहे!" असं ओरडत सून धावत वर आली. "अहो, लग्नाआधी घराला नव्या खिडक्या बसवल्या ना, कडेने रबर लावलेल्या? दार बाहेर चौकटीकडे जातं, तेव्हा घरात हवा यावी लागते. यायला वाटच नाही, म्हणून आतली हवा दाराला मागे ओढते. आणि दार लोटणाऱ्या क्लोजरचा जोर तिच्यापुढे कमी पडतो. खिडक्याही लग्नात आल्या, मीही आले. नाव मात्र माझं!"

सासूबाई महाराजांकडे वळल्या. "खिडकी उघडायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"आतून प्रेरणा झाली, माउली."

"मग मिटलेलं दार बिघडवायला ती पुन्हा लावायची प्रेरणा कुणाची?"

महाराजांना एकदम दुसरीकडचं बोलावणं आठवलं. ते जिन्याने इतके भरभर उतरले, की हुंकार भरायलाही थांबले नाहीत.

"आणि तू रे, नखं काय बघतोस?" सासूबाई मुलावर कडाडल्या. मग सुनेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकलं गं माझं."

दुसऱ्या दिवशी कारागिराने क्लोजरचे स्क्रू फिरवले, खिट्टीला तेल दिलं. सगळ्या खिडक्या लावून दार सोडलं. खट्!

मंडळी, देवाचं नाव घ्या, पोटभर घ्या. पण त्याने दिलेली बुद्धी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवू नका. तुमच्याकडे असं दार असेल तर आजच खिडक्या लावून सोडून बघा, एकदा सताड उघडून, एकदा वीतभर. खिट्टी बसली नाही तर कारागीर बोलवा, महाराज नव्हे. आग लागली तर त्या बोटभर फटीतून धूर आत येईल, आणि तो काही सून कोण नि सासू कोण, असं विचारत बसत नाही.