पाण्यात ठेवलेला गणपती

गणपती पाण्यात होता आणि आमचा माणूस हरला. रविवारी सकाळी उठलो, फोनवर बातमी पाहिली आणि चहासुद्धा न घेता स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. आईचा पितळी गणपती तळाशी बसलेला. त्याला म्हणालो, झालं समाधान?

देव पाण्यात ठेवणं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या अमेरिकेच्या व्हिसाच्या वेळी आईने हाच गणपती पाण्यात ठेवला होता. व्हिसा झाला, तेव्हाच बाहेर काढला. काम होईपर्यंत देवाने गुदमरायचं, असा रोखठोक सौदा. पुढे मी अमेरिकेचा नागरिक झालो. मग कंपनीने सिंगापूरला पाठवलं. इथे जुरोंग ईस्टला कोंडोतल्या फ्लॅटमध्ये राहतो, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. पण मत अजून जॉर्जियातल्या शेवटच्या पत्त्यावर. राष्ट्राध्यक्षपदासाठीचं मत टपालाने पाठवलं त्याच दिवशी गणपती पातेल्यात घातला. काम झालं नाही तर देवाचं काय करायचं, हे आईला कधी विचारलं नव्हतं. आता ती विचारायला नाही.

विनीताने त्याच सकाळी बजावलं. माझी बायको आवाज चढवत नाही, ती भांडी आवरता आवरता बोलते. शनिवारी लक्ष्मीपूजन आहे, गणपती पातेल्यात बुडालेला असताना ती लक्ष्मी मांडणार नव्हती. मी म्हणालो, अजून काही संपलेलं नाही, वकील कोर्टात गेलेत. ती म्हणाली, वकिलांची दिवाळी होईल, आपली राहील.

बुधवारी बातमी आली की जॉर्जियात सगळी मतं हाताने पुन्हा मोजणार. मी पातेल्यातलं पाणी बदललं. स्वच्छ पाणी घातलं, वर फूल ठेवलं. लाज वाटली नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडालेला गणपती होता आणि काडी मी धरली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यशोधन शहराच्या दुसऱ्या टोकाहून, यिशुनहून, चकल्यांचा डबा घेऊन आला. माझा कॉलेजपासूनचा मित्र, जीभ कात्रीसारखी. पातेलं बघून मास्कमधल्या मास्कमध्ये हसला. त्याचं म्हणणं, तिकडे समोरच्या पार्टीच्या एखाद्या कुलकर्ण्यानेही गणपती पाण्यात ठेवला असणार. देवाने कुणाकुणाचं ऐकायचं? वर मला म्हणाला, "शैल्या, तू राहतोस सिंगापुरात, खातोस चिकन राइस, आणि सुतक कुठल्या गावचं पाळतोयस?"

मी चकल्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. काय सांगणार? सगळ्यांना वाटतं मी एका नेत्यासाठी रडतोय. तो नेता माझ्या घरात जेवायला आला असता तर मी त्याला दोनदा वाढलं नसतं, इतका तो तोंडाळ. मी मत दिलं ते जॉर्जियातल्या आमच्या जुन्या गल्लीला. जेवणाआधी हात जोडणारी, म्हाताऱ्या आईबापांना घरात ठेवणारी, कष्टाशिवाय काही मागू नये म्हणणारी माणसं. माझे वडील पुण्यात वारले आणि मला विमान मिळालं नाही, तेव्हा शेजारची बाई भाताची कढई घेऊन आली आणि विनीताशेजारी रात्रभर जमिनीवर बसून राहिली. ती माझी माणसं. मी ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकवले, रांग मोडणाऱ्यांचा राग आला, आणि तो राग बोललो की आमचेच शिकलेले लोक मला अडाणी म्हणतात. म्हणा.

पण खरी गोष्ट याच्याही खालची आहे. माझा करार जूनमध्ये संपतो. करार संपला की पास संपला, पास संपला की सिंगापूर संपलं. हे शहर कुणाला फसवत नाही, आधीच सांगून ठेवतं. भारताचा पासपोर्ट मी माझ्या हाताने परत केला. उरतं ते जॉर्जियातलं घर. आणि आता तो देश मतपत्रिकेवर लिहून देतोय की तुझ्यासारखा विचार करणारे आम्हाला नकोत. मग म्हातारपणी जायचं कुठे? मरायचं कुठल्या जमिनीवर? म्हणून मला तो निकाल खोटा हवा होता. चोरी झाली असेल तर देश अजून माझा होता, फक्त चोरांच्या हातात सापडलेला.

शुक्रवारी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा पडत होत्या. त्या पणत्यांच्या मधोमध मी लिहिलं: मतमोजणीच्या टेबलावर बसलेली कार्टी विकली गेली आहेत, एकेकाला पकडून तुरुंगात घाला, आईबापांनी संस्कार केले नाहीत. चार जणांनी अंगठे दिले. बाकीचे पुन्हा पणत्यांकडे वळले.

विनीता बेसनाचे लाडू वळत होती. ओट्यावर ठेवलेल्या फोनवर तिने ते वाचलं. हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या टेबलावर आपली चैत्राली बसते," ती म्हणाली.

चैत्राली आमची एकुलती एक. जॉर्जियातच, अटलांटाजवळ शिकते. कोरोनात कॉलेज बंद पडलं म्हणून काउंटीत मतमोजणीचं तात्पुरतं काम धरलं होतं, आणि ते आईला सांगितलं होतं, मला नाही. मत कुणाला द्यायचं यावरून ऑगस्टमध्ये आमचं वाजलं होतं. तेव्हापासून माझ्याशी ती हवापाण्यापुरतं बोलायची.

मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं. विनीताने ते ऐकूनच घेतलं नाही. "तुम्ही लिहिलंत ते मी तिला पाठवलंय. जगाला वाचायला दिलंत, तिने का वाचू नये?"

शनिवारी संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर गणपतीची जागा रिकामी. फोन वाजला. तिकडे पहाट. चैत्राली स्वयंपाकघरात उभी, अंगात जाकीट, फेरमोजणीलाच निघालेली. डोळे सुजलेले. दिवाळीच्या शुभेच्छा कुणी कुणाला दिल्या नाहीत.

मी माझ्या आवाजात बोलायला गेलो आणि वेगळाच आवाज आला. विचारलं, तुझ्याबरोबर टेबलावर कोण असतं?

"मिस डॉटी. तुझ्याच पार्टीची आहे, बाबा. सुरू करायच्या आधी ती प्रे करते, माझा हात धरून. आपल्या जुन्या गल्लीतल्या आंटीसारखी आहे. एक एक कागद ती वाचते, मग मी वाचते. काल तिच्या बाजूचा गठ्ठा छोटा राहिला तेव्हा ती रडली. मी टिश्यू दिला. मग सही केली दोघींनी."

परकी पोरं, विकलेली पोरं, कितीही खोटं रचलं असतं. पण हात धरून देवाचं नाव घेणारी ती बाई मी कशी रचू? ती माझ्या गल्लीतली होती. तिने माझ्यासाठी मोजलं होतं आणि हरलो म्हणून सही केली होती.

चैत्रालीने गाडीची किल्ली उचलली. "I have to go. एकच सांग, बाबा. मी चोर आहे का?"

विनीता समई लावत होती. तिचा हात थांबला. मला कळत होतं काय मागितलं जातंय. हो म्हटलं तर देश राहतो आणि पोरगी जाते. गप्प बसलो तरी ती जाते; जाकीट घातलेली, किल्ली हातात घेतलेली पोर, माझ्याच नाकाची.

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. आणि त्या एका शब्दाबरोबर सगळं गेलं. चोरी नव्हती. वकील, कोर्ट, फेरमोजणी, सगळं वाऱ्यावर. लोकांनी शुद्धीत राहून, रांगा लावून, आम्हाला नको म्हटलं होतं. चोरी असती तर किती बरं झालं असतं.

तिने नाक पुसलं. म्हणाली, संध्याकाळी परत फोन करते, लाडू दाखव. मी म्हणालो, "नीट मोज."

"मोजतेच आहे," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी स्वयंपाकघरात गेलो, बाही वर केली आणि पातेल्यात हात घातला. पाणी गार होतं. न झालेल्या कामाचा देव कसा बाहेर काढतात, कुठला मंत्र म्हणतात, मला माहीत नव्हतं. तसाच काढला. सोंडेच्या खाली आणि कानामागे हिरवं चढलं होतं. चिंच लावून घासला, पुन्हा घासला; पुढचं निघालं, कानामागचं निघेना. विनीता दारात येऊन बघत होती. मुहूर्त टळतोय म्हणाली, त्याला तसाच आणा.

तसाच आणला. पाटावर बसवला, हिरवी बाजू भिंतीकडे केली. तिने आरती सुरू केली. मी टाळ्या वाजवत होतो आणि खिडकीतून समोरच्या मेट्रो स्टेशनवर लोक घरी जाताना दिसत होते, प्रत्येकाला कुठे उतरायचं ते माहीत असलेले.